रायवळाची कोय

बाळ जन्माला आलं की चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्याची वाटणी सुरू होते. आमच्या भिवंडीत ती जरा मोठ्या आवाजात होते, कारण घराच्या मागेपुढे कुठेतरी यंत्रमाग चालू असतात आणि त्यांच्या खटखटीवरून बोलायची सवय गावाच्या गळ्यात बसलेली आहे. आत्या नाक घेते. मावशी डोळे पटकावते. आजी कपाळावरून हात फिरवत, "हे आमच्या अण्णांचं," एवढंच म्हणते आणि त्यावर अपील चालत नाही. रंगाबद्दल दोन्ही पक्ष जपून असतात. गोरा निघाला तर दोघांचा, सावळा निघाला तर समोरच्यांचा. रडण्याचा आवाज मात्र कुणीच आपला म्हणून मागत नाही. बाळाचा बाप कोपऱ्यात उभा राहून डिंकाच्या लाडवाकडे बघत असतो. त्याच्या वाट्याला फार तर कानाची पाळी येते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे अशा बैठकीत कुणीतरी हटकून माझ्याकडे वळतं. "सर, तुम्ही सांगा, कोणावर गेलाय?" मी सांगतो, आईकडून तेवीस आणि वडिलांकडून तेवीस गुणसूत्रं आलेली आहेत, एक कमी नाही, एक जास्त नाही. हे उत्तर आजवर कुणालाही आवडलेलं नाही. वाटणी बरोबर अर्धी-अर्धी झाली आहे, यावर समाधान मानणारं घर मी अजून पाहिलं नाही.

ही अर्धी-अर्धी होते कशी, हे मुलांना शिकवणं म्हणजे वर्षातला सगळ्यात अवघड आठवडा. पुस्तकात त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. त्यातल्या नुसत्या पहिल्या टप्प्याचे पाच उपटप्पे आहेत: लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकीटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस. यातलं कुठलंही नाव कल्याण नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात सांगितलं तर दुकानदार "पाच की दहा?" एवढंच विचारेल. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि बाहेर पडल्यावर विसरतात. मला त्याचं वाईट वाटतं ते एवढ्यासाठी की त्या पाच नावांच्या आड जे घडतं, त्याच्यावर एखादी मालिका सहज दोन वर्षं चालेल.

आधी साधं विभाजन सांगतो, कारण ते भिवंडीकराला न शिकवता कळतं. शरीरातलं रोजचं काम अगदी आमच्या मागासारखं चालतं. ऑर्डर एका डिझाइनची आहे, बीम चढलेला आहे, धोटा इकडून तिकडे धावतोय, कांडी संपली की बदलली जातेय, आणि ताग्यामागून तागा उतरतोय. पहिल्या मीटरात जे असेल तेच शेवटच्या मीटरात हवं. कापड टेबलावर ओढून तपासणाऱ्या माणसाला सुंदर काय आहे हे बघायचं नसतं; तो फक्त फरक शोधतो. फरक सापडला की ते डॅमेज आणि भाव उतरला. गुडघा खरचटला की खालची कातडी हेच करते. एका पेशीच्या दोन, दोघींत तीच सेहेचाळीस गुणसूत्रं, तोच मजकूर. केस वाढतो, नख वाढतं, आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, ते सगळं याच नमुन्याने. यकृताच्या पेशीने स्वतःची कल्पनाशक्ती वापरावी अशी आपली मुळीच इच्छा नसते.

पण शरीराला हा एवढाच धंदा येत असता तर एक हिशेबाची अडचण होती. सेहेचाळीस गुणसूत्रांची आई, सेहेचाळीसचे वडील, म्हणजे मुलाला 92. त्याच्या मुलाला 184. दहाव्या पिढीला 47,104. आमच्या तालुक्यात लोनाडची लेणी आहेत. ती ज्यांनी कोरली त्यांच्यापासून मोजायला घेतलं तर कागद पुरणार नाही. तेव्हा कुठेतरी निम्मं करणं भाग आहे.

हे नुसतं डोक्याने ओळखलं ते जर्मनीतल्या ऑगस्ट वाइझमान यांनी, 1887 च्या सुमारास. मला हे गृहस्थ आवडतात. त्यांची नजर अधू झाली होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणं जमेना, म्हणून ते विचार करत बसले, आणि विचार करता करता म्हणाले की बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी झालीच पाहिजे, तुम्ही नीट बघा, सापडेल. पुरावा थोडा आधीच मिळायला लागला होता. बेल्जियममधल्या एदुआर व्हान बेनेदन यांनी 1883 मध्ये घोड्याच्या आतड्यातला जंत तपासला होता. या जंताच्या पेशीत फक्त चार गुणसूत्रं असतात, म्हणजे मोजायला सोपी. त्यांना दिसलं की अंड्यातून दोन येतात आणि शुक्राणूतून दोन. माणसाच्या घराण्याचा इतका मोठा प्रश्न, आणि पहिली साक्ष दिली जंताने.

दुसरी साक्ष नाकतोड्याची. वॉल्टर सटन हा अमेरिकेतल्या कान्सासचा शेतकऱ्याचा मुलगा. त्याने शेतातल्या मोठाल्या नाकतोड्यांची गुणसूत्रं पाहिली आणि 1902-03 मध्ये सांगितलं की ती जोडीजोडीने असतात, प्रत्येक जोडीतलं एक आईचं आणि एक बापाचं; बीजपेशी होताना जोडी फुटते, आणि मेंडेलने वाटाण्यावरून जे नियम सांगितले ते यातूनच निघतात. नाकाचा वाद अखेर नाकतोड्याने मिटवला, असं मी वर्गात म्हणत असे. पहिल्या वर्षी मुलं हसली, पुढे बहुतेक मोठ्या भावंडांनी धाकट्यांना आधीच सांगून ठेवलं असावं.

माणसाची स्वतःची गुणसूत्रं मोजायला मात्र माणसाने फार वेळ लावला. तीसेक वर्षं जगभर 48 शिकवली जात होती. 1956 मध्ये जो हिन टिजिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमध्ये नीट मोजून 46 सांगितली. घरात कितीजण जेवायला आहेत हे शेजारच्या जंताचं आणि नाकतोड्याचं मोजून झाल्यावर कळावं, तसा हा प्रकार.

आता त्या पाच नावांच्या आड काय होतं ते. तुमच्या वडिलांच्या प्रत्येक पेशीत त्यांच्या आईकडून आलेली तेवीस आणि त्यांच्या वडिलांकडून आलेली तेवीस गुणसूत्रं आहेत. म्हणजे तुमची आजी आणि आजोबा. ती दोघं त्या पेशीत जन्मभर राहतात, पण एकमेकांकडे फारशी फिरकत नाहीत. आपापलं काम करतात. जुन्या घरात आजोबा ओटीवर आणि आजी माजघरात, सगळा संसार मध्ये कुणा नातवामार्फत निरोप धाडून चालायचा, त्यातलंच हे. बीजपेशी तयार व्हायची वेळ आली की मात्र आजीचं पहिलं गुणसूत्र आजोबांच्या पहिल्याला शोधत येतं, दुसरं दुसऱ्याला, आणि ती शेजारी शेजारी, टोकापासून टोकापर्यंत, अगदी ओळीला ओळ लावून चिकटतात. इतकी वर्षं एका घरात काढून पहिल्यांदाच. आणि चिकटली की देवाणघेवाण करतात. दोघांचेही एकाच जागेवर तुकडे पडतात आणि अदलाबदलीने जोडले जातात. प्रत्येक जोडीत साधारण एक ते तीन ठिकाणी. आजीचा वरचा भाग, आजोबांचा खालचा, असं एक नवंच गुणसूत्र तयार होतं, जे आजीपाशीही नव्हतं आणि आजोबांपाशीही नव्हतं. स्त्रियांच्या शरीरात ही अदलाबदल पुरुषांपेक्षा जास्त ठिकाणी होते. का, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. माझ्या घरात या बातमीचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

ही अदलाबदल मौजेखातर होत नाही. जिथे तुकडे बदलले तिथे जोडी एकमेकांत अडकून राहते आणि त्या अडकण्यामुळेच पुढे ती नेमकी ओढली जाते, एक या बाजूला, एक त्या बाजूला. मग जोडी फुटते. कुठल्या जोडीतलं कोण कुठे जाणार हे ठरलेलं नसतं. पहिल्या जोडीतलं आजीचं डावीकडे गेलं म्हणून दुसऱ्यातलं आजीचंही डावीकडे जाईल असं काही नाही. तेवीस जोड्या आणि प्रत्येकीचा स्वतंत्र निर्णय, म्हणजे 83,88,608 प्रकार. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या भिवंडी शहराची वस्ती सात लाखांच्या आसपास होती, त्यावरून अंदाज घ्या. आणि हे नुसतं एका पालकाचं. दोघांचं एकत्र धरलं तर सत्तर लाख कोटींवर जातं, आणि यात तुकड्यांची अदलाबदल धरलेलीच नाही. पुढे आणखी एक विभाजन होतं, ते साधंच, आणि एका पेशीच्या चार होतात. पुरुषात चारही कामाच्या. स्त्रीत एकच अंडं होतं आणि उरलेल्या अगदी बारक्या पेशी विरून जातात. सगळा शिधा एकीच्याच पदरात बांधायचा असतो ना.

वर्गात हे सांगताना एक प्रश्न दरवर्षी येई. "सर, मग मी आणि माझा भाऊ एकाच आईबापाचे, तरी तो असा कसा?" 'असा' म्हणजे कसा, हे मी विचारत नसे. या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच वरचा परिच्छेद. आई तीच, वडील तेच, पण पत्त्यांसारखं पिसणं नवं. दोन सख्ख्या भावांत सरासरीने निम्मं सारखं असतं. कुठल्या भावंडांत जरा जास्त, कुठल्यांत जरा कमी. तसंच आजी-आजोबांचं. वडिलांकडचं निम्मं पक्कं, पण त्या निम्म्यात आजीचं किती आणि आजोबांचं किती याची हमी नाही. चारही आजी-आजोबांना पाव-पाव मिळतो हा हिशेब फक्त कागदावरचा. त्यामुळे नातवंडांत एखाद्या आजोबांचा वाटा खरोखरच थोडा मारला गेलेला असू शकतो. हे मी बारशाला बोलत नाही.

एक गोष्ट मात्र बोलतो, कारण ती आत्याबाईंच्या बाजूची आहे. मुलीला वडिलांकडून जे एक्स गुणसूत्र येतं ते वडिलांना त्यांच्या आईकडून आलेलं असतं, आणि वडिलांच्या शरीरात त्याला जोडीला वाय असल्यामुळे टोकं सोडली तर त्याची अदलाबदल होत नाही. म्हणजे नातीला बापाच्या आईचं एक गुणसूत्र जवळजवळ जसंच्या तसं मिळतं. "अगदी आजीवर गेली गं," हे म्हणायला इतका आधार आहे.

आणि आईच्या आईचा हक्क तर त्याहून जुना. पुरुषात हे काम वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत रोज चालू असतं. स्त्रीमध्ये ते सुरू होतं ती स्वतः आईच्या पोटात असताना. मुलगी जन्माला येण्याआधीच तिच्या सगळ्या बीजपेशी त्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या असतात, आजी-आजोबांच्या जोड्या जुळलेल्या, तुकडे बदललेले, आणि तिथेच थांबतात. जन्माच्या वेळी अशा दहा-वीस लाख. त्यातल्या जेमतेम चारशे-पाचशे पुढे कधीतरी महिन्याला एक या बेताने बाहेर पडणार. तोवर तशाच. वीस वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षं हात धरून उभ्या. शुक्राणू आत आला तरच शेवटचं विभाजन पुरं होतं. तेव्हा ज्या अंड्यापासून तुम्ही झालात ते अंडं, अर्धवट अवस्थेत का होईना, तुमच्या आजीच्या पोटात वाढलेलं आहे. आजीने "मी तुला आधीपासून ओळखते" म्हटलं तर वाद घालू नये.

इतकी वर्षं हात धरून उभं राहायचं म्हणजे कधीतरी पकड सैल होतेच. आईचं वय वाढलं की जोडी नीट न फुटण्याची शक्यता वाढते ती यामुळे. एकविसाव्या क्रमांकाची दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला गेली तर बाळाला त्याची तीन मिळतात. डाउन सिंड्रोमचं हे कारण जेरोम लजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये 1959 मध्ये सांगितलं. तोवर जगात त्या आयांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते असेल, नंतरही थांबलं नाही. ग्रहणात विळी धरली होती का, पपई खाल्ली होती का, डोहाळे पुरवले का. जी गोष्ट कुणाच्याही हातात नव्हती तिच्यासाठी हात शोधण्यात आपण फार तरबेज आहोत.

मुलगा की मुलगी यात तर हात नक्की कोणाचा ते ठाऊक आहे, तरी तो बघायचा नाही असं ठरलेलं. वडिलांच्या बीजपेशी तयार होताना एक्स एका बाजूला जातो, वाय दुसऱ्या बाजूला. अंड्यात एक्सच असतो. निकाल पुरुषाकडच्या विभाजनात लागतो. हे शोधणाऱ्यांत नेटी स्टीव्हन्स या बाई अग्रणी होत्या, साल 1905, आणि त्यांनी ते पाहिलं पिठात होणाऱ्या भुंगेऱ्यांच्या जातीतल्या एका किड्यात. म्हणजे ज्या सासूबाई सुनेला दुसरी मुलगी झाली म्हणून बोल लावत पीठ चाळत असतात, त्यांच्या चाळणीतच तिच्या बाजूचा साक्षीदार वळवळत असतो. महाराष्ट्राने गर्भलिंग चाचण्यांना आळा घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी, 1988 मध्ये केला. केंद्राचा 1994 चा. आज गावातल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात पाटी असते की इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही. त्या पाटीखाली बसून कुजबुजणाऱ्या सासवांना स्टीव्हन्सबाईंचा किडा दाखवावा असं मला कितीदा वाटलं आहे. पण दवाखान्यात किडा घेऊन कुणी आत सोडत नाही.

तर आता आंबा.

हे अर्धगुणसूत्री विभाजन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणं फार चिकाटीचं काम आहे. साधं विभाजन पाहायचं तर कांदा पाण्यावर ठेवायचा, मूळ फुटलं की टोक कापायचं, रंग द्यायचा, झालं. अर्धगुणसूत्री पाहायचं तर कांद्याचे डेंगळे मिळवावे लागतात. कळी फार कोवळी घेतली तर आत अजून सुरुवात नाही. जरा मोठी घेतली तर सगळं आटोपून परागकण तयार. मधली नेमकी कळी सापडून आठ जोड्या दिसल्या की शिक्षक ओरडतो, आणि मुलांची रांग लागेपर्यंत कुणाच्या तरी धक्क्याने काच सरकते. म्हणून मी मुलांना सांगायचो की घरी जा आणि मे महिन्यात रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या झाडांचे, आंबे खा. डोळ्यांनी दिसत नाही ते जिभेला कळेल.

पडघ्याकडे, लोनाडकडे, खारबावच्या बाजूला अजून जुनी रायवळाची झाडं आहेत, जी गोदामांनी खाल्ली नाहीत ती. प्रत्येक झाडाला नाव असतं. साखऱ्या, खोबऱ्या, शेपूचा वास येणारा शेप्या, गोटीएवढा बिटक्या. एका झाडाची चव दुसऱ्याला नाही. माझ्या ओळखीचे एक तात्या आहेत पडघ्याच्या पुढे. त्यांच्या बांधावर साखऱ्या आहे, मधासारखा. त्याचीच कोय वडिलांनी गोठ्यामागे लावली. झाड मोठं झालं, मोहरलं, फळ धरलं आणि ते असं आंबट निघालं की गाय तोंड लावून मागे सरते. तात्यांचा पक्का समज होता की कुणीतरी कोय बदलली.

"तात्या, कोय तीच होती."

"मग आंबा तो का नाय?"

आंब्याच्या पेशीत चाळीस गुणसूत्रं. साखऱ्याने आपल्या वीस जोड्यांतून पिसून वीस दिली. ती निवडण्याचेच दहा लाखांहून जास्त प्रकार. उरलेली वीस आणली कुठल्या तरी झाडाच्या परागातून, तेही एखाद्या माशीने. ती माशी आधी कुठे बसली होती याची नोंद तलाठ्याकडे नसते. साखऱ्या गोड होता तो त्याच्या चाळीसांच्या एका विशिष्ट जुळणीमुळे, आणि ती जुळणी कोय तयार होतानाच मोडली. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे भात लावला तर भातच तो का येतो?" हा प्रश्न परीक्षेत कुणी विचारला नव्हता. भाताचं फूल बहुतेक वेळा स्वतःचाच पराग स्वतःवर पाडून घेतं. पिढ्यानपिढ्या तसं केल्यावर जोडीतली दोन्ही गुणसूत्रं सारखीच होऊन बसतात. दोन्हीकडे माल एकच, मग अदलाबदल केली काय आणि न केली काय. म्हणून शेतकरी कणगीतलं बी पुढच्या सालाला काढतो आणि निर्धास्त असतो.

हापूसवाल्यांनी हे कोडं वेगळ्या वाटेने सोडवलं. त्यांनी कोय मधून काढूनच टाकली. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमं बांधायची कला रुजली आणि एका चांगल्या झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर चढवायची पद्धत पडली. बीज नाही, पराग नाही, पिसणं नाही. रत्नागिरीचा, देवगडचा, आमच्या ठाणे जिल्ह्याचाही हापूस हा मूळ झाडाच्याच अंगाचा वाढत गेलेला भाग. (2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात ठाणे जिल्हा आहे. म्हणजे तत्त्वतः भिवंडीतला हापूसही अस्सल. देवगडच्या माणसापुढे हे बोलायला धीर लागतो.) हा धंदा पुन्हा आमच्या मागाचा झाला, पहिल्या पेटीतला आंबा तोच शेवटच्या पेटीतला.

फक्त मागाचा एक धोका त्याच्याबरोबर आला. डिझाइनमध्येच खोट असेल तर ती प्रत्येक ताग्यात उतरते. हापूसला साका धरतो. वरून आंबा राजबिंडा आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट गोळा. कितीही कलमं बांधा, ही सवय कलमाबरोबर जाते. तिच्यापासून सुटका हवी तर पुन्हा फुलाकडे, परागाकडे, पिसण्याकडेच जावं लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रात तेच केलं. नीलम आणि हापूस यांचा संकर करायचा, कोयी लावायच्या, वर्षानुवर्षं थांबायचं आणि शेकडो नको त्यांतून एक हवं ते निवडायचं. त्यातून 1981 मध्ये 'रत्ना' आला, साका न धरणारा. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यातून 1992 मध्ये 'सिंधू', ज्याची कोय कागदासारखी पातळ. पिसण्यातून जन्मलेल्या आंब्याने पुढच्या पिसण्याची सोयच कमी करून टाकली, हा विनोद त्या शास्त्रज्ञांना कळला असेलच.

केळ्याने तर हा मार्ग कधीच बंद केला. आपली बसराई, पलीकडच्या वसईची राजेळी, यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नाही, तीन संच असतात. जोड्या लावायच्या वेळी तिसरा दर वेळी उपरा राहतो, गोंधळ होतो आणि बी धरत नाही. म्हणून केळं खाताना आपल्या दाताखाली काही येत नाही आणि बाग लावायची तर मुनवे काढून लावावे लागतात. सगळी बाग एकाच झाडाची. लागण झाली तर सगळ्यांना एकदम. गेल्या शतकात जगभर विकली जाणारी ग्रो मिशेल नावाची केळ्याची जात पनामा रोगाने अशीच बाजारातून उठली, कारण रोगाला तोंड देणारा वेगळा असा त्यांच्यात एकही नव्हता. आंबटाचा इतका राग करू नये, तो अशा वेळी उपयोगी पडतो, असं मी तात्यांना सांगितलं.

तात्यांना ते पटलं नाही. गोठ्यामागची ती जागा मुलाला गोदामासाठी हवी होती आणि झाड मध्ये येत होतं. गोड असतं तर विचार केला असता, आंबटासाठी कोण थांबतं? काकू मात्र आतून म्हणाल्या, "लोणच्याला ह्याच्यासारखा आंबा अख्ख्या पट्ट्यात नाय. झाड पाडा, पण आधी लोणच्याची सोय सांगा." मी म्हटलं, कलम बांधा. आंबट आंब्याचं कलम हा शब्द ऐकून तात्या हसत सुटले. पण पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी बांधली. कोय कलम बांधायला नुकती उगवलेली, तांबूस पानांची रोपं लागतात. ती आणायची कुठून? मुलाने मुंबईहून दोन पेट्या हापूस आणला होता, त्याच्या कोयी काकूंनी परसात टाकल्या होत्या आणि त्या उगवल्या होत्या. हापूसच्या कोयीचं रोप काही हापूस नसतं, तेही पिसलेलंच, कुणास ठाऊक काय. पण खालची मुळं म्हणून चालतं. बागायतदार एरवी याच्या उलट करतात. रायवळाच्या रोपाची मान कापून त्यावर हापूस बसवतात, म्हणजे कोकणातल्या एकसारख्या हापूसच्या बागांत जमिनीखाली प्रत्येक झाड वेगळं असतं आणि त्याचं नाव कुणालाच माहीत नसतं. तात्यांकडे वर गोठ्यामागचा आंबट्या आणि खाली हापूसची मुलं.

सगळी लागली नाहीत, काही सुकली. त्यातलं एक तात्यांनी मला आणून दिलं. ते आमच्या गच्चीवर मोठ्या पिंपात आहे, त्याला यंदा नवी पालवी आली. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालताना थांबल्या. "सर, हापूस आहे का हो?"

"आहे," मी म्हटलं. "खालून."